परदेशी शिकणाऱ्यांचे पाठबळ

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतच्या स्थानकात उभी राहिली, म्हणजे नवख्या उतारूस वाटते की हा थांबा बटाटेवड्यासाठीच असावा. पण त्याच वेळी गाडीच्या शेवटच्या डब्यापाशी एक महत्त्वाचे काम उरकले जात असते. पुढे बोरघाट आहे. १८६३ साली रेल्वेस खुल्या झालेल्या या घाटात चढ काही ठिकाणी दर ३७ फुटांस १ फूट इतका उभा आहे, आणि तो चढून जावयास पुढचे इंजिन एकटे पुरत नाही. म्हणून अनेक गाड्यांस कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेचे लोक त्यांस ‘बँकर’ म्हणतात. ही इंजिने गाडीस मागून रेटा देतात, तिला खाली घसरू देत नाहीत, आणि लोणावळा आले की सुटतात व पुढच्या गाडीसाठी पुन्हा कर्जतला परततात.

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यास आधार कसा द्यावा, या प्रश्नाचे उत्तर कर्जतच्या या फलाटावर सापडण्यासारखे आहे. निरोपाच्या वेळी मदतीस पुष्कळ जण येतात. ओवाळणी होते, कोणी प्रवासाची बॅग घेऊन देतो, कोणी विमानतळापर्यंत मोटार देतो, आळीत अभिनंदनाचा फलक लागतो. हा सारा सपाटीवरचा प्रवास झाला. खरा चढ शिक्षणाच्या मध्यावर लागतो, आणि अलीकडे हा चढ अभ्यासापेक्षा सरकारी नियमांचाच अधिक असतो. विद्यार्थी घरून निघतो एका नियमाखाली, शिकतो दुसऱ्या नियमाखाली, आणि पदवी हाती पडते तेव्हा तिसराच नियम अमलात आलेला असतो. अशा वेळी मागून रेटा कोणी द्यावा आणि कसा द्यावा, हा येथे विचाराचा विषय आहे.

पूर्वी परदेशगमन ही मुंबई-पुण्याच्या सधन घराण्यांची गोष्ट समजली जाई. आता ती स्थिती राहिलेली नाही. नेरळ-कर्जतहून पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, खोपोलीच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेला कामगार, खालापूर तालुक्यातला भातशेती करणारा शेतकरी, यांच्या घरांतूनही मुलामुलींच्या परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडला जातो. सधन घरास एखादे सत्र वाया गेल्याने जे नुकसान होते ते सोसवते. ज्या घराने आयुष्यभराची पुंजी आणि बँकेचे कर्ज एकाच प्रवासावर लावले, त्या घराची गोष्ट निराळी. तेथे एका नियमाचा बदल म्हणजे सबंध कुटुंबाची उलथापालथ होय.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले की काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः विद्यार्थ्यास चार दारे ओलांडावी लागतात, आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या हाती असते. प्रवेश देणे हे विद्यापीठाच्या हाती. देशात येऊ देणे व राहू देणे, म्हणजे व्हिसा, हे त्या देशाच्या सरकारच्या हाती. पैसा पुरवणे हे बँकेच्या अथवा शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारच्या हाती. आणि मिळालेली पदवी मायदेशी मान्य करणे हे येथील नियामक मंडळाच्या हाती. या चारांपैकी कोणासही दुसऱ्याची संमती घेऊन आपला नियम बदलावा लागत नाही. अभ्यासक्रम एक वर्षापासून सहा वर्षांपर्यंत चालतो. सरकारी धोरण कित्येकदा तितके टिकत नाही.

हा अनुभव आजचा नव्हे. महाराष्ट्रातल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांच्या चरित्रांत तो स्पष्ट दिसतो. टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी यांनी अलिबागच्या वास्तव्यात, म्हणजे त्या काळच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यात, आपल्या पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला होता. पुढे १८८० मध्ये त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात ते दंतवैद्याच्या दवाखान्यात आले. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या.

आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा केला होता. तो हिंदी माणसास लागू नव्हता. आणखी ३५ वर्षांनी, १९१७ च्या कायद्याने, आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांस बंदी झाली आणि तीत हिंदुस्थानही आला. विद्यार्थ्यांस मात्र सूट ठेवण्यात आली. आनंदीबाईंपुढे अडचण कायद्याची नव्हती. परका देश, थंडी, आहार आणि आजार यांची होती. त्या चढावर त्यांना ज्यांनी हात दिला त्या कार्पेंटरबाईंस त्या मावशी मानीत. बाईंनी त्यांना घर दिले, आजारपणात सांभाळले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास आनंदीबाईंचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून घेतली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे ती समाधी आजही आहे. अनोळखी देशात एक विश्वासाचे माणूस असणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

सरकारने विद्यार्थ्यांस आधार द्यावयाचे मनात आणले, म्हणजे तो आधारच असतो असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली आणि त्यांच्यात राजकीय विचारही वाढू लागले. १९०७ साली ब्रिटिश सरकारने सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी उघडण्यात आली व टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांस शैक्षणिक सल्लागार नेमले. कचेरीचे काम वरकरणी उपयुक्त होते. पण त्याच वर्षी लंडनमध्ये कर्झन वायली यांचा वध झाला, विनायक दामोदर सावरकरांस परीक्षा उत्तीर्ण होऊनही बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली, आणि ही कचेरी आपल्या मदतीसाठी आहे की आपल्यावर नजर ठेवण्यासाठी, असा संशय विद्यार्थ्यांच्या मनात बसला. ली-वॉर्नर समितीचा अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्धही झाला नाही. जेथे मदत मागितल्याने आपलेच नुकसान होईल अशी धास्ती असते, तेथे विद्यार्थी मदत मागावयाचे सोडून देतो. घरालाही हे तत्त्व तंतोतंत लागू पडते.

मधल्या चढाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र डॉ. भीमराव आंबेडकर यांचे आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम. ए. होऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले, आणि अर्थशास्त्र व कायदा या दोहोंचा अभ्यास त्यांनी सुरू केला. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत सरली. प्रबंध अपुरा टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके शत्रूच्या पाणबुडीच्या हल्ल्यात बोटीसह बुडाली. बडोद्यास जे अपमान वाट्याला आले ते सर्वश्रुत आहेत.

या कथेतील एक लहानशी गोष्ट बहुधा नजरेआड होते. लंडन सोडण्यापूर्वी आंबेडकरांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. दार लोटले होते. त्याला कडी लागली नव्हती. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसा साठवला. रमाबाईंनी त्या काळात ओढगस्तीचा संसार केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले. १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. चार वर्षांनंतर, २० मार्च १९२७ रोजी, याच कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्यास हात लावला.

या एका चरित्रात पाठबळाचे सगळे घटक आलेले आहेत. परतीचे दार उघडे ठेवणारे एक लेखी पत्र, राखीव पैसा, घरातील माणसाची सोशिकता, उसने देणारा मित्र, आणि ‘शिक्षण मोडले’ म्हणून हिणवण्याऐवजी ते थांबले आहे असे मानणारी चार माणसे. यांतील एकही गोष्ट निरोप समारंभाच्या दिवशी उपयोगी पडणारी नव्हती. सगळ्या मध्यावर उपयोगी पडल्या.

आता आजच्या काळाकडे वळावे. ब्रिटनने पदवीनंतर दोन वर्षे नोकरीसाठी राहू देण्याची सवलत २०१२ मध्ये काढून घेतली आणि १ जुलै २०२१ पासून नव्या नावाने परत दिली. १ जानेवारी २०२४ पासून संशोधन पदव्यांसारखे अपवाद सोडून विद्यार्थ्यांस पती, पत्नी वा मुले सोबत नेण्यास मनाई झाली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांपैकी पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही दोन वर्षांची मुदत १८ महिन्यांवर आणावयाचे ठरले, पीएच. डी. धारकांची तीन वर्षे तशीच राहिली. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली. आणि भारतीय विद्यार्थी ज्या शीघ्र योजनेतून अर्ज करीत ती ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद केली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी-व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर व वर्षभराने २,००० केले.

अमेरिकेतील बदलांची गती तर याहून विलक्षण. ६ जुलै २०२० रोजी तेथील सरकारने जाहीर केले की ज्यांचे सर्व वर्ग घरबसल्या चालू आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांस देशात राहता येणार नाही. हार्वर्ड व एम. आय. टी. या संस्था न्यायालयात गेल्या, आणि १४ जुलैस तो आदेश मागे घेण्यात आला. सगळे आठ दिवसांत घडले. त्या आठ दिवसांत ज्याने घाईने परतीचे तिकीट काढले त्याचे पैसे गेले. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या, आणि न्यायालयांत दावे गुदरल्यावर एप्रिलअखेर त्या पूर्ववत करण्याचे सरकारने मान्य केले. त्याच वर्षी २७ मेच्या सुमारास नव्या विद्यार्थी-व्हिसांच्या मुलाखती ठरवणे थांबले व जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले. मात्र अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांस पाहता येतील अशी ठेवावी, ही नवी अट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या एच-१बी व्हिसासाठी नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर झाले. पुढच्या महिन्यात खुलासा आला की अमेरिकेतच विद्यार्थी-व्हिसावर असलेल्यांच्या दर्जाबदलास ते लागू नाही. पहिली बातमी ऐकून रात्रभर जागणाऱ्या घरांस दुसऱ्या बातमीची वाट पाहणे किती मोलाचे होते, ते यावरून कळावे.

नियम केवळ परदेशी सरकारेच बदलतात असे नव्हे. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांस नीट परीक्षा २०१८ मध्ये आवश्यक झाली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम केला की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व सबंध एकाच परदेशी संस्थेत पुरा झालेला असावा. तीनच महिन्यांनी युक्रेनमध्ये युद्ध पेटले. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी आले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. जीव वाचला, पण एकाच संस्थेत शिक्षण पुरे करण्याची अट समोर उभी राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने युक्रेनच्या विद्यार्थ्यांस मूळ विद्यापीठाच्या संमतीने दुसऱ्या देशात शिकण्याची मुभा दिली. चीनमध्ये शिकणारे विद्यार्थी तर २०२० च्या आरंभापासून घरीच अडकले होते. त्यांचे व्हिसा ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. अडीच वर्षे शवविच्छेदनाची खोली व रुग्णशय्या यांवाचून वैद्यक शिकणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या परिस्थितीत आणखी एक पेच आहे. येथील पुष्कळ घरांची खरी मालमत्ता म्हणजे जमीन. मुंबईकरांच्या शेतघरांमुळे तिचा भाव चढला आहे, आणि सातबारा हाती असला म्हणजे कर्ज सहज मिळेल असे वाटते. परंतु शेतजमिनीचे तारण बँका बहुधा पत्करीत नाहीत. कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा जो २००२ चा सरफेसी कायदा, त्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली आहे. म्हणून बँक बिनशेती प्लॉट, घर अथवा ठेव मागते. या दोन्ही तालुक्यांत ठाकर व कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. आदिवासी खातेदाराची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमान्वये सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. जमीन हातची जाऊ नये यासाठी हे संरक्षण आवश्यकच आहे. पण त्यामुळे त्या घरातील हुशार मुलीस कर्जाची वाट जवळजवळ बंद होते, आणि शिष्यवृत्ती हाच काय तो मार्ग उरतो.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती दर वर्षी २० जणांसाठी असून त्यांपैकी ३ जागा विशेष दुर्बल जमातींसाठी राखलेल्या आहेत. महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी समाज त्यांत मोडतो. अनुसूचित जातींसाठी केंद्राची योजना १९५४-५५ पासून चालू आहे, आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. योजना उपकारक आहेत, तरी नियम त्यांचेही बदलतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतातील समाजाविषयीचे अध्ययन हे विषय वगळण्यात आले. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातिसंस्थेवर होता. या शिष्यवृत्तीसाठी ज्याने वर्षभर अशाच विषयाची तयारी केली असेल, त्यास दुसरा विषय वा दुसरा दाता शोधणे भाग पडले. यास्तव एकाच शिष्यवृत्तीवर सगळा भार टाकू नये, आणि अर्ज भरण्याच्या वेळी त्या वर्षाचीच नियमावली मुळातून वाचावी.

मग घराने करावे तरी काय? पहिली गोष्ट पैशाची. जमवलेली सगळी रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची घालू नये. एका सत्राची फी, तीन-चार महिन्यांचा निर्वाह व परतीचे भाडे इतकी रक्कम बाजूस ठेवावी आणि ती नाहीच असे समजून बाकीचा हिशेब बसवावा. ती बसत नसेल, तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलणे हे मध्यावर मोडण्यापेक्षा पुष्कळ बरे.

दुसरी गोष्ट कागदांची. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, फीच्या पावत्या, कर्जमंजुरी यांच्या प्रती घरी असाव्यात, आणि प्रत्येकाची मुदत कधी सरते ते एका वहीत लिहिलेले असावे. बँकेची व येथील महाविद्यालयांची कामे करण्यासाठी जाण्यापूर्वीच आईच्या वा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. दलालाने भरलेला अर्ज स्वतः वाचल्यावाचून सही करू नये. २०२३ साली कॅनडात कित्येक भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची पाळी आली, कारण दलालाने दिलेली प्रवेशपत्रे बनावट होती, आणि हे त्यांना वर्षांनंतर समजले. चौकशीत जे निर्दोष ठरतील त्यांस राहू देण्याचे तेथील सरकारने जाहीर केले. तथापि मधले महिने त्यांनी कसे काढले असतील, याची कल्पनाच करावी.

तिसरी गोष्ट माणसांची. नियम बदलल्याची बातमी आली की मित्रमंडळींच्या संदेशांवरून निर्णय घेऊ नये. प्रत्येक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी कचेरी असते. विषय कमी करणे, सत्र सोडणे, काम धरणे, सुटीत देशाबाहेर जाणे, यांपैकी काहीही करण्यापूर्वी तिला विचारावे व उत्तर लेखी घ्यावे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर विद्यार्थ्याची नोंद असावी, म्हणजे संकटकाळी वकिलातीस तो कोठे आहे हे ठाऊक असते. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी वकिलातींपाशी २००९ पासून एक कल्याण निधीही आहे.

चौथी गोष्ट दाराची. शिक्षण सोडून यावयाची वेळ आलीच, तर ‘सोडले’ असे न म्हणता रजा मागावी, प्रवेश पुढे ढकलून मागावा, किती मुदतीत परत येता येईल ते लिहून घ्यावे, आणि पुऱ्या केलेल्या विषयांचे गुणपत्रक घेऊन यावे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तिला पैसा लागत नाही. मुलास वाईट बातमी घरी सांगता आली पाहिजे. ज्या घरातून दर रविवारी ‘सगळे ठीक ना?’ एवढेच विचारले जाते, तेथे ‘ठीक’ एवढेच उत्तर येते. निरोपाचा फलक लावणाऱ्या गल्लीस आपण कोणत्या तोंडाने सामोरे जावे, या लाजेपायी विद्यार्थी महिनोन्‌महिने गप्प राहतो, आणि जे काम कचेरीच्या एका पत्राने झाले असते ते मुदत टळून बिघडते. आंबेडकर अर्ध्यावर परत आले, तेव्हा त्या परतण्यास कोणी शेवट मानले असते, तर महाराष्ट्राचा इतिहास निराळा झाला असता. निघण्याच्या आदल्या रात्री आईबापांनी मुलास एवढेच सांगून ठेवावे, की अडचण आली तर पहिला फोन घरी यावा, आणि त्या फोनवर कोणी रागावणार नाही.

जे आपल्या मुलांसाठी मागावयाचे ते आपल्याकडे येणाऱ्यांसही द्यावे, हाही या विषयाचाच भाग होय. घाट चढून गेले की पुणे लागते, आणि तेथे आफ्रिका व आशियातील विद्यार्थी पुष्कळ वर्षांपासून येत आहेत. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांस १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, घर भाड्याने मिळवताना मालकाची समजूत घालावी लागते. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी एकदा पाहिले, की मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने वसतिगृहात पडून आहे आणि त्याच्याच देशाची एक विद्यार्थिनी खिडकीतून त्यास जेवण देत आहे. त्या दृश्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिंबायोसिस हे सांस्कृतिक केंद्र निघाले, आणि पुढे त्याचे मोठे विद्यापीठ झाले. आरंभ मात्र जेवणाच्या एका डब्यापासूनच झाला.

सरकारांची धोरणे कर्जत-खालापूरच्या घरांतून ठरत नाहीत, आणि ती स्थिर राहतील अशी हमी कोणासही देता येणार नाही. घाटाचा चढ रेल्वेच्या अभियंत्यांनाही नाहीसा करता आला नाही. त्यांनी कर्जतला मागे इंजिन जोडण्याची सोय केली. घराने, शेजाऱ्यांनी, मित्रांनी विद्यार्थ्यासाठी तेवढीच सोय करावयाची आहे. आणि चढ सरला, गाडी सपाटीस लागली, म्हणजे मागच्या इंजिनाने सुटून खाली यावे. फलाटावर पुढची गाडी उभीच असते.